लाल पेशी विळ्यासारखी का होते? सिकलसेल समजण्यापुरती पेशीची ओळख

विदर्भात ‘सिकलसेल’ हा शब्द, रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचं नाव, कुणाला नवा नाही. नागपुरात मेडिकलच्या ओपीडीत, डागा रुग्णालयाच्या बाहेर, गडचिरोली-गोंदियाहून येणाऱ्या एसटीत तो सहज कानावर पडतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार आटोक्यात आणून संपवायचा, असं त्याचं उद्दिष्ट आहे. तपासणीचा कागद त्यामुळे आता कितीतरी घरांत पोचला आहे. त्यावर ‘एए’, ‘एएस’ किंवा ‘एसएस’ एवढंच लिहिलेलं असतं. ‘एए’ म्हणजे दोष नाही, ‘एएस’ म्हणजे वाहक, ‘एसएस’ म्हणजे आजार.

त्या दोन अक्षरांचा अर्थ मात्र जो तो आपल्या परीनं लावतो. ‘एएस’ असलेल्या मुलीला घरचे आजारी समजून खेळायला पाठवत नाहीत. ‘एसएस’ असलेल्या मुलाला कुणाच्या तरी सांगण्यावरून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. कुठे त्याचं ताट-पेला वेगळा ठेवला जातो. हे सगळं टाळता येण्यासारखं आहे. त्यासाठी शाळेच्या पुस्तकातली पेशीची आकृती पुन्हा एकदा उघडावी लागेल. तेव्हा आपण केंद्रक, रायबोझोम, तंतुकणिका ही नावं पाठ केली. सिकलसेलमध्ये नेमकं काय घडतं, याचं उत्तर त्या नावांतच आहे.

पेशीत असतं तरी काय?

पेशीभोवती एक पातळ पटल असतं. ते स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं असतं आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी भरते. काय आत घ्यायचं आणि काय बाहेर सोडायचं, हे या पटलातली प्रथिनं ठरवतात. आत पाणीदार पेशीद्रव असतं आणि त्यात पेशीची वेगवेगळी अंगं असतात. त्यातली तीन आपल्या कामाची.

पहिलं केंद्रक. यात डीएनए असतो, ४६ गुणसूत्रांमध्ये वाटलेला. २३ गुणसूत्रं आईकडून येतात, २३ वडिलांकडून. डीएनएची लिपी चारच अक्षरांची: ए, टी, जी आणि सी. कोणतं प्रथिन कसं बनवायचं, हे या अक्षरांच्या क्रमात लिहिलेलं असतं. एका प्रथिनाच्या नोंदीला जनुक म्हणतात.

दुसरं अंग रायबोझोम. हे आकारानं फार लहान आणि संख्येनं लाखांत असतात. प्रथिनं प्रत्यक्ष जोडण्याचं काम त्यांचं. तिसरी तंतुकणिका. अन्नातून आलेली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात ती आणते. शिवाय रक्ताशी संबंधित असं तिचं आणखी एक काम आहे, त्याकडे पुढे येऊ.

केंद्रक आणि रायबोझोम यांचं नातं समजलं की अर्धं काम झालं. जमिनीच्या नोंदींचं मूळ दप्तर कचेरीबाहेर जात नाही. आपल्याला हव्या त्या नोंदीची नक्कल मिळते आणि कर्जापासून खरेदीखतापर्यंतची पुढची कामं त्या नकलेवर होतात. पेशीतही मूळ डीएनए केंद्रकातच राहतो. लागेल तेवढ्याच नोंदीची नक्कल निघते. तिला आरएनए म्हणतात. ती केंद्रकाच्या पटलातल्या छिद्रांतून बाहेर येते आणि रायबोझोम तिच्यातली तीन-तीन अक्षरं वाचत अमिनो आम्लांची साखळी जोडत जातो. ही साखळी म्हणजेच प्रथिन. मूळ नोंदीत चूक असेल, तर नक्कल कितीही निगुतीनं काढली तरी चूक तिच्यात उतरते आणि रायबोझोम ती इमानानं पाळतो. सिकलसेलमध्ये पेशीची सगळी अंगं आपापलं काम चोख करत असतात. चुकलेली असते ती फक्त मूळ नोंद.

केंद्रक टाकून देणारी पेशी

लाल पेशी हाडांच्या आतल्या मगजात जन्मते. मोठ्या माणसात मुख्यतः कंबरेचं हाड, मणके आणि छातीचं हाड इथे. कोवळ्या वयात तिच्यात सगळं असतं: केंद्रक, रायबोझोम, तंतुकणिका. पण तिची बहुतेक सारी धडपड एकाच प्रथिनासाठी चाललेली असते. ते म्हणजे हिमोग्लोबिन. त्यातल्या ग्लोबिनच्या साखळ्या रायबोझोम जोडतो, आणि ज्याच्या मध्यभागी लोहाचा अणू बसतो तो ‘हीम’ नावाचा भाग घडवण्यात तंतुकणिकेचा मोठा वाटा असतो. रक्ताला लाल रंग येतो तो या हीममुळे.

हिमोग्लोबिन पुरेसं साठलं की ही पेशी आपलं केंद्रक बाहेर ढकलून देते. शेजारची भक्षक पेशी ते गिळून टाकते. मागोमाग तंतुकणिकाही मोडीत निघतात. रक्तात उतरल्यावर दिवस-दोन दिवसांत उरलेसुरले रायबोझोम जातात. मग राहते पटलाची एक लवचीक पिशवी आणि तिच्यात हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू. शरीर अशा जवळपास २० लाख पेशी दर सेकंदाला तयार करतं. मला तर शरीरातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. ऑक्सिजन वाहून नेण्यासाठी एक पेशी आपलं जवळजवळ सारं अंतरंग सोडून देते, आणि स्वतः मात्र तो ऑक्सिजन वापरत नाही, कारण तो वापरणाऱ्या तंतुकणिकाच तिच्यापाशी उरलेल्या नसतात.

केंद्रक गेल्यानं जागा होते आणि पेशी हवी तशी दबू-वळू शकते. तिची रुंदी ७-८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी सात-आठ. सर्वांत बारीक रक्तवाहिन्या याहूनही अरुंद असतात. लाल पेशी अंग चोरून, दुमडून त्यांतून पलीकडे जाते. आयुष्यभर हेच. पण मूळ दप्तर गेल्यामुळे तिला नवीन प्रथिन बनवता येत नाही की झालेली मोडतोड दुरुस्त करता येत नाही. निरोगी लाल पेशी साधारण १२० दिवस टिकते.

एक अक्षर चुकलं

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात: दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळीचं जनुक ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. या साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सिकलसेलमध्ये सहाव्या अमिनो आम्लाच्या नोंदीत ‘जीएजी’च्या जागी ‘जीटीजी’ येतं. एका ‘ए’चा ‘टी’ झालेला असतो, बाकी सगळं जिथल्या तिथे.

‘जीएजी’ वाचून रायबोझोम ग्लुटामिक आम्ल जोडतो. ते पाण्यात रमणारं, ऋण विद्युतभार असलेलं. ‘जीटीजी’ वाचून जोडतो व्हॅलीन. त्यावर विद्युतभार नसतो आणि ते पाणी टाळतं. ऑक्सिजन भरलेला असतो तोवर या बदलानं फारसं बिघडत नाही. ऑक्सिजन उतींना देऊन झाला की हिमोग्लोबिनचा आकार किंचित पालटतो आणि त्याच्या अंगावर पाणी टाळणारी एक खोबण उघडी पडते. शेजारच्या रेणूचं व्हॅलीन नेमकं तिथे जाऊन बसतं. मग दुसरा रेणू, तिसरा. बघता बघता हजारो रेणूंचे ताठ तंतू बनतात, ते पटलाला आतून रेटतात आणि गोल पेशी विळ्यासारखी लांबट, बाकदार होते.

फुप्फुसात जाऊन पुन्हा ऑक्सिजन मिळाला की तंतू विरतात आणि पेशी पूर्ववत होते. पण हे चक्र पुन्हा पुन्हा घडलं की पटल खराब होतं, त्यातून पोटॅशियम आणि पाणी पाझरतं, आणि एक वेळ अशी येते की पेशी कायमचीच वाकडी राहते. ती दुमडत नाही, बारीक वाहिन्यांच्या भिंतींना चिकटते आणि रक्ताची वाट अडवते. ज्या भागाचं रक्त अडतं तिथे असह्य दुखणं उठतं. रुग्ण त्याला ‘क्रायसिस’ म्हणतात. बाहेरून बहुधा ना सूज दिसते ना जखम, म्हणून ‘नाटक करतो’ असं त्या मुलांना ऐकावं लागतं. हाड आतून रक्तावाचून तडफडत असतं. हे दुखणं खरं आहे, आणि शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला ते ठाऊक असायला हवं.

अशी वाकडी पेशी वैद्यकाच्या नोंदीत पहिल्यांदा आली १९१० साली. शिकागोतले डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात ती पाहिली होती. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. व्हर्नन इंग्रम यांनी १९५६-५७ मध्ये चूक एकाच अमिनो आम्लापर्यंत नेऊन पोचवली. भारतात निलगिरीतल्या आदिवासींमध्ये हा दोष १९५२ साली आढळला, आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. आपल्या भागाची ही ओळख इतकी जुनी आहे.

रक्त कमी आहे, मग लोह का नको?

कारण इथे कमतरता लोहाची नसते. सिकल झालेली पेशी १२० दिवसांऐवजी १०-२० दिवसांतच फुटते. मगज कितीही वेगानं काम करो, तो पुरा पडत नाही, म्हणून हिमोग्लोबिन कमी भरतं. फुटलेल्या पेशींतलं लोह मात्र शरीर जपून ठेवतं आणि पुन्हा वापरतं. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्यात तर लोह उलट साठत जातं आणि यकृताला, हृदयाला अपाय करतं. लोह खरोखर कमी असल्याचं तपासणीत दिसलं, तरच डॉक्टर ते देतात. सिकलसेलच्या रुग्णांना फॉलिक आम्लाची गोळी मिळते ती वेगळ्या कारणासाठी. मगजात सतत नव्या पेशी घडत असतात, प्रत्येक पेशीसाठी डीएनएची नवी प्रत लागते आणि ती बनवायला फॉलिक आम्ल खर्ची पडतं.

नागपूरचा मे महिना आणि पाण्याची बाटली

या आजारात डॉक्टर ‘भरपूर पाणी प्या’ असं सांगतात तेव्हा तो वरवरचा सल्ला वाटतो. तो पेशीच्या आतल्या गणितातून आलेला आहे. तंतू किती लवकर बनतील हे पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर ठरतं. दाटपणा थोडासा वाढला तरी तंतू बनायला लागणारा वेळ एकदम घटतो. वेळ मिळाला तर पेशी तंतू बनण्याआधी बारीक वाहिनी ओलांडून फुप्फुसाकडे निघून जाते. पाणी कमी पडलं तर ती वाटेतच वाकडी होते. ४५ अंशांच्या उन्हात घामावाटे पाणी जातं, रक्त दाट होतं, पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, आणि क्रायसिसला निमित्त मिळतं.

याच्या जोडीला मूत्रपिंडाची अडचण असते. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी आणि क्षार जास्त असतात, त्यामुळे पेशी तिथे लवकर वाकड्या होतात. लघवी दाट करून पाणी वाचवण्याची मूत्रपिंडाची ताकद लहान वयातच कमी होत जाते. म्हणजे ज्या मुलाला पाण्याची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच शरीराला पाणी धरून ठेवता येत नाही. ते मूल रात्री पुन्हा पुन्हा उठतं, कधी अंथरुण ओलं करतं, वर्गात सारखं ‘लघवीला जाऊ का’ विचारतं. त्याला रागावू नये. बाटली जवळ ठेवू द्यावी आणि मागेल तेव्हा जाऊ द्यावं.

थंडीतही जपावं लागतं. गारठ्यानं वाहिन्या आकसतात, रक्त हळू सरकतं, आणि ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन जास्त वेळ अडकून राहतं. ताप तर कधीच अंगावर काढू नये. जंतूंशी लढणारी प्लीहा या आजारात लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. लसी वेळेवर घ्यायच्या त्या यासाठीच.

तोच डीएनए सगळ्या पेशींत आहे, मग बिघाड रक्तातच का?

ती चूक कातडीच्या, डोळ्याच्या, मेंदूच्या पेशींतही असते. पण त्या पेशी बीटा साखळीची नक्कल काढतच नाहीत. त्यांना लागणाऱ्या नोंदी वेगळ्या. हिमोग्लोबिनचं पान उघडलं जातं ते मगजात घडणाऱ्या कोवळ्या लाल पेशींत. पुढे वाहिन्या तुंबल्या की मेंदूपासून डोळ्यापर्यंत कुठल्याही अवयवाला झळ पोचते, ती गोष्ट निराळी.

‘एएस’ म्हणजे अर्धा आजार का?

नाही. एका पालकाकडून बरोबर नोंद आली, दुसऱ्याकडून चुकलेली. पेशी दोन्ही नोंदींच्या नकला काढते, म्हणून एकाच लाल पेशीत दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन असतं आणि त्यात चांगल्याचा वाटा अर्ध्याहून जास्त भरतो. चांगले रेणू मध्ये आले की तंतू लांबत नाहीत. त्यामुळे ‘एएस’ माणसाला, म्हणजे वाहकाला, रोजच्या आयुष्यात त्रास नसतो. खेळावं, शिकावं, शेतात राबावं, सगळं करावं. फार उंचावर किंवा पाण्यावाचून कष्टाची शर्थ होते अशा वेळी काळजी घ्यावी, इतकंच.

मग हा दोष पिढ्यान् पिढ्या टिकला कसा? मलेरियामुळे. मलेरियाचा परजीवी लाल पेशीतच वाढतो. ‘एएस’ असलेल्यांना जिवावरचा मलेरिया कमी होतो, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडलं. जिथे मलेरियानं लेकरं जात होती तिथे वाहक जगले आणि त्यांचा वंश वाढला. गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात सिकलसेल जास्त का, याचा धागा इथे सापडतो. तेव्हा हा कुणाच्या कुळाचा कलंक नाही. ज्या नोंदीनं पूर्वज वाचवले, तीच दोन्हीकडून आली की आजार होतो.

हे लागट आहे का?

मुळीच नाही. एका ताटात जेवून, अंगाला अंग लागून, डासातून, कशानेही नाही. वाहकाचं रक्त दुसऱ्याला चढलं तरी त्याला सिकलसेल होणार नाही. लाल पेशीत केंद्रकच नाही, मग ती चुकलेली नोंद देणार कुठून? त्या पेशी आपले दिवस भरले की संपतात. आजार येतो तो फक्त आईच्या अंडपेशीतून आणि वडिलांच्या शुक्रपेशीतून.

दोघंही ‘एएस’ असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के, ‘एएस’ची ५० आणि ‘एए’ची २५. यातला ‘प्रत्येक’ हा शब्द विसरू नये. पहिलं मूल ‘एसएस’ झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब चालत नाही. एक ‘एएस’ आणि एक ‘एए’ असेल तर एकही मूल ‘एसएस’ होत नाही. तपासणीच्या भीतीनं ठरलेली लग्नं मोडणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. दोघंही वाहक असतील तरी गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते. मात्र जोडीदार थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा) वाहक असेल, तर सिकल आणि थॅलेसेमिया मिळूनही गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून दोन्ही तपासून घ्यावं.

शिबिरातली ती गढूळ नळी

शिबिरात रक्ताचे थेंब एका नळीतल्या द्रावणात टाकतात. त्यातलं एक रसायन लाल पेशीचं पटल फोडून हिमोग्लोबिन मोकळं करतं, दुसरं ऑक्सिजन काढून घेतं. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. साधं हिमोग्लोबिन विरघळलेलं राहतं, रेघा स्वच्छ दिसतात. सिकल हिमोग्लोबिन विरघळत नाही, नळी गढूळते आणि रेघा दिसेनाशा होतात. पेशीत घडणारी गोष्टच तिथे डोळ्यांसमोर घडते.

पण नळी ‘एएस’मध्येही गढूळते आणि ‘एसएस’मध्येही. त्यामुळे एवढ्यावर कुणाला आजारी ठरवू नये. पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (यंत्रावर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी) तपासणी करावीच लागते. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये हिमोग्लोबिनला विजेच्या क्षेत्रात सोडतात. ग्लुटामिक आम्लाचा ऋण भार गेल्यानं सिकल हिमोग्लोबिन मागे रेंगाळतं आणि त्याचा पट्टा वेगळा दिसतो. तान्ह्या बाळासाठी नळीची तपासणी उपयोगाची नाही, कारण त्याच्या रक्तात बहुतांश गर्भातलं हिमोग्लोबिन असतं.

बाळाचं हिमोग्लोबिन आणि आजचे उपचार

गर्भात बीटाऐवजी गॅमा नावाची साखळी वापरली जाते. तिचं जनुक वेगळं, म्हणून तिच्यात ही चूक नसते. ‘एसएस’ बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं ते यामुळे. सहा महिन्यांच्या आसपास गॅमा मागे पडते, बीटा पुढे येते आणि हातापायांना दुखरी सूज अशी लक्षणं सुरू होतात.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. त्यानं क्रायसिस कमी येतात. गोळी बरं वाटल्यावर बंद करायची नसते, आणि ती सुरू असताना ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं. मगज बदलण्याचा उपचारही आहे, पण त्यासाठी जुळणारा दाता लागतो.

२०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटननं आणि डिसेंबरात अमेरिकेनं जनुक-संपादनावर आधारलेला उपचार मंजूर केला. लाल पेशीत केंद्रक नाही, तर संपादन करतात कुठे, हा प्रश्न रास्त आहे. ते मगजातल्या मूळ पेशींत करतात. त्या रुग्णाच्या शरीरातून काढून घेतात आणि गॅमा साखळीला दाबून ठेवणारी नोंद तिथे निकामी करतात. मग जोरदार औषधांनी जुना मगज रिकामा करून संपादित पेशी परत सोडतात. चुकलेलं अक्षर दुरुस्त केलेलंच नसतं. बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा चालू केलेलं असतं. अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. आपल्याकडच्या रुग्णांपर्यंत असा उपचार पोचायचा तर तो याच्या कितीतरी पट स्वस्त व्हायला हवा, आणि त्यासाठी सरकारनं आणि संशोधकांनी मनापासून जोर लावायला हवा. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. तोवर निदान त्या कायद्याचे लाभ ‘एसएस’ रुग्णांनी हक्कानं मागावेत.

आणखी एक गोष्ट. हे संपादन होतं ते मगजाच्या पेशींत. अंडपेशी आणि शुक्रपेशी जशा होत्या तशाच राहतात. असा उपचार घेऊन पूर्ण बरा झालेला ‘एसएस’ माणूसही आपल्या प्रत्येक मुलाला चुकलेलीच नोंद देणार, म्हणून त्याच्या जोडीदाराची तपासणी लग्नाआधी करावीच लागेल.